रीकॉन्फिगरेबल अँटेना: पिन डायोड, प्रकाशाचा स्विच की फोटोडायोड?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून २.४ गिगाहर्ट्झचा रीकॉन्फिगरेबल अँटेना (स्विचने ज्याची फ्रिक्वेन्सी किंवा दिशा बदलता येते असा) करणाऱ्यांनी आधी एक गैरसमज काढून टाकावा. बीपीडब्ल्यू-३४ सारखा साधा फोटोडायोड (प्रकाश ओळखणारा डायोड) पॅचच्या, म्हणजे अँटेनाच्या तांब्याच्या पट्टीच्या, फटीवर सोल्डर करून उजेड पाडला, म्हणजे स्विच झाला असं नाही. शून्य व्होल्टला त्याची कपॅसिटन्स ७० पिकोफॅरडच्या घरात असते, २.४ गिगाहर्ट्झला तिचा अडथळा जेमतेम १ ओहम. अंधारातही सिग्नल आरपार जातो, मग बदलणार काय?

आरएफ पिन डायोड, म्हणजे रेडिओ सिग्नलसाठी स्विच म्हणून वापरायचा डायोड, बंद असताना साधारण ०.२ पिकोफॅरड, म्हणजे ३३० ओहमचा अडथळा. १० मिलिअँपिअर दिले की दोनेक ओहमवर येतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्याला ३९० ओहमचा रेझिस्टर पुरतो. त्रास डायोडचा नसतो, बायसच्या, म्हणजे डायोडला करंट पुरवणाऱ्या, तारांचा असतो: त्या स्वतःच रेडिओ लहरी फेकतात आणि अँटेनाचा पॅटर्न (कुठल्या दिशेला किती सिग्नल जातो तो आकार) तिरपा होतो. या तारांवर सिग्नल अडवायला चोक (कॉइल) घेताना त्याची सेल्फ-रेझोनन्स फ्रिक्वेन्सी जरूर बघा, ती २.४ च्या बरीच खाली असेल तर चोक कपॅसिटरसारखा वागतो.

या तारा टाळायच्या तर फटीवर सिलिकॉनचा तुकडा आणि त्यावर ८०८ किंवा ९८० नॅनोमीटरचा लेसर: प्रकाश पडला की सिलिकॉन वीज वाहू देतो, म्हणजे स्विच चालू. सिलिकॉन उच्च रोधकतेचाच हवा, हजारो ओहम-सेंटिमीटरचा. साधा वेफर (सिलिकॉनची चकती) अंधारातही वीज वाहू देतो. अँटेनामागच्या धातूच्या पत्र्याला (ग्राउंड प्लेन) भोक पाडून लेसरचा फायबर मागून आणतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये भोक नेमकं पाडून मिळेल, पण फायबर किंचित सरकला तरी रोध वाढतो आणि गेन घसरतो. शिवाय पिन डायोडला स्वतःला ९ मिलिवॉटच्या आसपास लागतात, इथे सहसा दहा-वीस पट प्रकाश सतत पाडावा लागतो. हा लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्याच तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा लेसर-चष्मा लावल्याशिवाय चालू करू नका.

पहिल्याच प्रोजेक्टला पिन डायोड घ्या. तारांमुळे पॅटर्न खरंच बिघडतो असं मोजून दिसलं, तरच लेसरवर खर्च करा.

फोटोडायोड वापरायचाच असेल तर त्याला स्विच न करता त्याच्या व्होल्टेजने व्हॅरॅक्टरला (व्होल्टेजप्रमाणे कपॅसिटन्स बदलणाऱ्या डायोडला) बायस द्या. भरपूर इन्फ्रारेड प्रकाशात एक डायोड ०.३५ व्होल्टच्या आसपास देतो, दहा ओळीने जोडले की साडेतीन. व्हॅरॅक्टर करंट जवळजवळ ओढत नाही, त्यामुळे एवढं पुरतं. व्हॅरॅक्टरला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडा, म्हणजे उजेड गेल्यावर चार्ज साचून राहत नाही. दहाही डायोडवर उजेड सारखा पडू द्या. एक जरी सावलीत गेला तरी व्होल्टेज ढासळतं.