तालुक्यातलं चार दिवसाचं डिझाईन थिंकिंगचं ट्रेनिंग: कुठं पैसे वसूल झाले, कुठं नाही

डिसेंबरात तालुक्याच्या गावी एका खाजगी संस्थेचं डिझाईन थिंकिंगचं, म्हणजे वापरणाऱ्याची अडचण समजून उपाय काढायच्या पद्धतीचं, ट्रेनिंग केलं. चार दिवस, फी १८०० रुपये, जेवण अन् चहा धरून. संस्थेचं नाव लिहत नाही कारण खाली तक्रारी आहेत अन् शिकवणारी पोरं मनानं चांगली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, सातवीपर्यंतची शाळा. बॅचमधे अर्धे शिक्षक, अर्धे धंदा करणारे, एका बचत गटाच्या चार बाया, एक डेअरीवाला पोरगा, एक वेल्डिंगवाले काका. मास्तर अन् धंदेवाले एकाच हॉलमधे कशाला बसवले असं पहिल्या दिवशी वाटलं होतं, पण तेच सगळ्यात चांगलं निघालं, काऊन की आम्ही शिक्षक लोक बोलत जास्त राहतो अन् त्या बाया लगेच विचारतात, हे करायले पैसे किती लागन.

पहिला दिवस पूर्ण खुर्चीवर गेला. स्लाईडा सगळ्या इंग्रजीत. एम्पथाईज, डिफाईन, आयडिएट, प्रोटोटाईप, टेस्ट हे पाच शब्द बायांनी वहीत लिहून घेतले अन् चहाच्या सुट्टीत अर्थ मला विचारला. मी सांगितलं, ज्याची अडचण आहे त्याच्याजवळ जाऊन बसा, खरी अडचण कोणती ते ठरवा, मग भरपूर उपाय काढा, त्यातला एक घरच्या सामानातून करून पाहा, अन् शेवटी त्याच माणसाच्या हातात देऊन पाहा. दहा मिनिटात समजलं त्यांना. हे हॉलमधे मराठीत झालं असतं तर दिवस वाचला असता.

एक गोष्ट मात्र शिकवणाऱ्यांनी फार छान सांगितली, एम्ब्रेस नावाच्या लेकरांच्या उबदार पिशवीची. २००७ मधे अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना स्वस्त इनक्युबेटर, म्हणजे कमी वजनाच्या लेकराला ऊब द्यायची काचेची पेटी, बनवा असं काम दिलं होतं, ते नेपाळला जाऊन पाहतात तं दवाखान्यात काचेच्या पेट्या रिकाम्या अन् कमी वजनाची लेकरं खेड्यात घरीच जन्मून राहिली. मग त्यांनी पेटी स्वस्त करायचा नाद सोडला अन् लेकराला गुंडाळायची झोपायच्या पिशवीसारखी पिशवी बनवली, त्यात मेणासारख्या पदार्थाचं पाऊच, एकदा गरम केलं की काही तास ३७ डिग्रीच्या आसपास ऊब देते. प्रश्नच बदलला म्हणून उत्तर बदललं. आमच्या बाया हे ऐकताना एकदम चूप झाल्या होत्या, त्यातल्या एकीचं लेकरू सातव्या महिन्यात झालेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात नेलं. कापसाची वेचणी चालू होती. माझ्या गटाला काम होतं वेचणीच्या बायांची अडचण शोधायचं अन् मी घरूनच हातमोजे डोक्यात घेऊन गेली होती, सुकल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात हे लहानपणापासून पाहिलेलं. धुऱ्यावर उभी राहून विचारायला लागली तं एक बाई म्हणते, "मॅडम, खाली बसा नं, उभ्यानं काय समजन तुम्हाले." बसली. हातमोज्याचं काढलं तं म्हणते, मोजे घातले तं बोंडातून कापूस धड निघते का, मजुरी किलोवर हाये. मग तिनं ओटीचं, म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कंबरेला बांधलेल्या झोळीचं सांगितलं, भरली की कंबरेवर कसा भार येते, रिकामी करायला किती चकरा होतात. अन् बोलता बोलता घरचं निघालं, लहाना दीड वर्षाचा आहे, मोठी पोरगी सांभाळते.

ती मोठी पोरगी माझ्या सहावीच्या वर्गातली. दिवाळी झाल्यापासून मी तिची गैरहजेरी लावून राहिली होती अन् पालकसभेत आईबापाचं लक्ष नाही म्हणून बोलली पण होती. एकदा घरी जाऊन विचारलं नव्हतं. त्या बाईच्या बाजूला पऱ्हाटीत बसून मला जे वाटलं ते इथं लिहता येत नाही. १८०० रुपये माझे तिथंच वसूल झाले.

पण हे वावर फक्त अर्धा दिवस! जेवणाआधी परत गाडीत बसवलं. तिसरा पूर्ण दिवस हॉलमधे रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्यात. कोणी कोणाची कल्पना मधेच कापायची नाही हा नियम चांगला आहे, मी वर्गात आता वापरते, बुजरी पोट्टे पण बोलतात. पण एका गटाच्या चाळीस चिठ्ठ्या झाल्याच पाहिजे हे कशाला? चौथ्या दिवशी फोम शीट अन् ग्लू गननं मॉडेल, प्रेझेंटेशन, सर्टिफिकेट, फोटो. पाचवी पायरी, टेस्ट, ती झालीच नाही. ओटीचा पट्टा कंबरेऐवजी खांद्यावर घेणारं आमचं मॉडेल त्या बाईला दाखवायला कोणी नेलं नाही, मी विचारलं तं वेळ नाही म्हणाले. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. ज्याच्यासाठी केलं त्यानं पाहिलंच नाही तं ते हस्तकलेचा तास झालं.

अन् सगळी उदाहरणं बाहेरची. वर्धा आमच्याहून फार दूर नाही. १९२९ मधे गांधीजींच्या चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयाचं बक्षीस ठेवलं होतं, त्याच्या अटी वाचा एकदा: खेड्यातल्या घरात हातानं नाहीतर पायानं चालला पाहिजे, बाईला फार न थकता आठ तास काम करता आलं पाहिजे, किंमत १५० रुपयाच्या वर नको, सालभराचा दुरुस्ती खर्च किमतीच्या ५ टक्क्यात. म्हणजे वापरणारी बाई, तिचं घर, तिची कंबर, तिचा पैसा, सगळं आधी लिहून ठेवलं अन् मग यंत्र मागितलं. डिफाईन म्हणजे काय हे मला या अटींनी जास्त समजते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहायला भेटतात, एक दिवस तिकडे सहल न्यायला पाहिजे होती. शिक्षकांसाठी तं अहमदाबादच्या रिव्हरसाईड शाळेच्या किरण बीर सेठींनी २००९ मधे सुरू केलेलं डिझाईन फॉर चेंज पण आहे, त्यात चारच पायऱ्या: जाणवणं, सुचणं, करणं, सांगणं. पोरांना हे चार लवकर जमतात, मी तेच घेतले.

नंतर काय झालं ते पण सांगते. गैरहजर राहणाऱ्या अशा सहा पोरींना शाळेत कसं आणायचं हा प्रश्न मी सोडला, दुपारी लहान्याला कोण सांभाळन हा धरला. आधी लहानी भावंडं वर्गातच बसू दिली, चार दिवसात बंद करावं लागलं, रडारड, कोणाचंच शिकणं होईना. मग गुडघ्यानं वेचणीला जाऊ न शकणाऱ्या एका आजीला पोरींनीच विचारलं, आजी आता शाळेच्या ओसरीत पाच लेकरं सांभाळते, आया रोज पाच पाच रुपये देतात. सहा पोरींपैकी चार नियमित येऊन राहिल्या. दोघी अजून नाही येत, त्यांचं कारण वेगळं आहे, तिकडे जाऊन बसायचं आहे.

बचत गटाच्या बाया जात्यावरची तुरीची दाळ विकतात. त्यांना वाटे पॅकिंग चमकदार पाहिजे. गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन बसल्या तं कळलं की पाच किलोची थैली भाड्यानं राहणारे घेत नाही, किडे लागायची भीती, अन् ही दाळ कुकरमधे लवकर शिजत नाही म्हणून परत कोणी मागत नाही. आता एक किलोची साधी पिशवी, वर कागद, अर्धा तास भिजवा मग लावा. परत मागणारे वाढले म्हणतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. जायचं असन तं आधी फोन करून दोन गोष्टी विचारा, वावरात किती वेळ नेणार अन् मॉडेल घेऊन परत नेणार का. अन् बॅच हिवाळ्यातली घ्या, वेचणी चालू राहते, माणसं वावरात भेटतात.