डेसमॉस : एम-थ्रीची केटी घेऊन बसलेल्याचा अभिप्राय

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. म्हणजे पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर, एम-वन आणि एम-टू, न करता थेट दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री. सर 'हे तुमचं झालेलंच आहे' म्हणत फळा पुसायचे आणि आम्ही डिप्लोमावाले एकमेकांची तोंडं बघायचो. केटी लागली, म्हणजे विषय राहिला. क्लास लावला, वहीभर गणितं उतरवली, स्वतः सोडवलेलं एकही नाही.

मग रूममेटने डेसमॉस दाखवलं. ग्राफ काढून देणारा कॅल्क्युलेटर. ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे, लॉगिनचीही सक्ती नाही.

पहिली टाकली ती स्क्वेअर वेव्हची, म्हणजे चौकोनी लाटेची, फूरियर सिरीज : तीच लाट साइन लाटांची बेरीज करून बनवायची. ही वेव्ह लॅबमध्ये सीआरओवर (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या स्क्रीनवर) तीन वर्षं बघितलेली, कशी दिसते ते डोळे मिटूनही सांगेन. ग्राफ आला, पण 1 पर्यंत जायच्या ऐवजी 0.5 लाच अडकला. वही उघडली. फंक्शन ऑड (डावी बाजू उजवीच्या बरोबर उलट्या चिन्हाची), म्हणून इंटिग्रल शून्य ते पायपर्यंतच घेतलं होतं आणि बाहेरचा 2 विसरलो होतो. सहगुणकात 2 च्या जागी 4 केले आणि वेव्ह जागेवर. माझी चूक मीच पकडली, हे गणितात पहिल्यांदाच घडलं.

सिरीजमधल्या पदांच्या संख्येला अक्षर दिलं की डेसमॉस स्लायडर हवा का विचारतो. तो 50 पर्यंत ओढला. माथा सपाट झाला, कोपऱ्यांवरची शिंगं मात्र तशीच, 1.18 च्या आसपास. अर्धा तास वही तपासली. शेवटी कळलं, याला गिब्ज फिनॉमेनन म्हणतात. शिंग उडीच्या (इथे उणे 1 ते 1, म्हणजे 2 च्या) साधारण 9 टक्के राहतंच; पदं वाढवली की बारीक होऊन कोपऱ्याला चिकटतं, बुटकं होत नाही. आणि मी उगाच स्वतःला शिव्या घालत होतो!

पायऱ्या मात्र तो दाखवत नाही. डेफिनिट इंटिग्रलचा आकडा देतो, सूत्र तुम्हालाच काढावं लागतं. सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवून काढायला काही कामाचा नाही. मोबाइलवरही चालतो, पण लांबलचक सिरीज लॅपटॉपवरच टाका.

आता मी आधी हाताने कच्चा ग्राफ काढतो, मग यात टाकतो. परवा लाप्लासच्या (डिफरन्शियल इक्वेशन सोडवायच्या पद्धतीच्या) एका गणितात अटीप्रमाणे सुरुवात 1 पासून हवी होती आणि क्लासच्या नोट्समधलं उत्तर उणे 1 पासून निघालं. दोनदा तपासलं. नोट्समध्येच चिन्ह चुकलं होतं.