बीएमएस ड्रॉइंगची विकतची सिंबल लायब्ररी: आठ महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यात साइटवरून फोन आला आणि ठरवलं, आता या लायब्ररीबद्दल लिहायचंच. बीएमएस म्हणजे इमारतीतली एसीसारखी यंत्रणा चालवणारी कंट्रोल सिस्टिम, आणि लायब्ररी म्हणजे तिच्या ऑटोकॅड ड्रॉइंगसाठी तयार चिन्हांचा संच. १४ एएचयू (हवा थंड करून डक्टमध्ये ढकलणारी युनिट). फिल्टरच्या दोन्ही बाजूंना नळ्या जोडून झालेल्या, पण बसवलेत डीपी (दाबातला फरक पाहणारे) स्विच. आणि पॅनलमध्ये त्यांच्यासाठी एआय (ॲनालॉग इनपुट, म्हणजे बदलत्या सिग्नलसाठीचे) पॉइंट ठेवलेले. "सर, ड्रॉइंगमध्ये फॅनला आणि फिल्टरला एकच सिंबल आहे. परचेसने त्यावरूनच २८ स्विच मागवले," साइटवरचा मुलगा म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. स्विच नुसता कॉन्टॅक्ट (चालू किंवा बंद) देतो, ट्रान्समीटर दाबाप्रमाणे बदलणारा सिग्नल, ०-१० व्होल्ट किंवा ४-२० मिलिअँपिअर देतो. त्या मॉड्युलला युनिव्हर्सल (दोन्ही प्रकारचे सिग्नल घेणारे) इनपुट नव्हते, त्यामुळे कॉन्फिगरेशन बदलून भागेना. फिल्टरसाठी १४ ट्रान्समीटर नव्याने मागवावे लागले. माझ्या बिलातून जे कापलं, ते या लायब्ररीच्या किमतीपेक्षा जास्त होतं.

मी एकटा काम करतो. पिंपरी-चिंचवडमधल्या बीएमएस बसवणाऱ्या दोन-तीन सिस्टिम इंटिग्रेटरना कंट्रोल ड्रॉइंग करून देतो. १८,००० रुपये पदरचे घालून ही लायब्ररी घेतली होती. ११०० सिंबल आणि तीन मानकांचे तीन फोल्डर: आयएसए ५.१, ॲश्रे १३४ आणि आयएसओ १४६१७. पहिल्या महिन्यात मी ओळखीच्या चौघांना "घेऊन टाका" म्हणून सांगितलं होतं. ते शब्द मागे घेतो. सगळे नाही, अर्धे.

चूक कुठे झाली ते शोधायला मला एक रात्र लागली. एका फोल्डरमधला स्विच आणि दुसऱ्यातला ट्रान्समीटर, दोन्ही ब्लॉकांचं (ऑटोकॅडमधल्या तयार चिन्हांचं) नाव एकच: डीपी१. ऑटोकॅडमध्ये एका ड्रॉइंगमध्ये एका नावाचा एकच ब्लॉक राहतो. मी फॅनसाठी स्विच आधी ओढला होता. नंतर फिल्टरसाठी ट्रान्समीटर ओढला, तेव्हा ऑटोकॅडने आधीचाच ब्लॉक ठेवला, नवा टाकून दिला आणि खाली कमांड लाइनवर 'डुप्लिकेट डेफिनिशन इग्नोर्ड' अशी एक ओळ दाखवली. काम करताना ती ओळ कोण वाचतं? आयओ समरी (कुठल्या उपकरणाचा कुठला सिग्नल याची यादी) मी हाताने केली होती, तिथे एआय बरोबर लिहिलं होतं. कागद एक सांगत होता, चित्र दुसरं.

विकणाऱ्याला मेल केला. उत्तर आलं: नावं तुम्ही बदलून घ्या, किंवा नवी आवृत्ती अर्ध्या किमतीत घ्या. म्हणजे आणखी ९,०००, आणि तेही त्यांची चूक दुरुस्त करायला. मी दिले नाहीत, देणारही नाही.

आता उलट्या टॅगबद्दल, म्हणजे सिंबलशेजारी लिहिलेल्या उपकरणाच्या नावाबद्दल. काहींना ही बारीक गोष्ट वाटेल, पण ए१ शीट हातात धरून शिडीवर उभ्या असलेल्या वायरमनला ती बारीक वाटत नाही. रिटर्न डक्टवर सेन्सर खालच्या बाजूने लावायचा म्हणून ब्लॉक १८० अंशात फिरवला, की टॅगही डोक्यावर उभा राहतो. मग ब्लॉकमधली ही भरायची अक्षरं, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट एकेक करून सरळ करा. एका शीटवर असे ३०-४० टॅग असतात. पाच महिने मी हे हाताने केलं. त्यातून दोन रिव्हिजनमध्ये दोन टॅग उलटेच गेले आणि कन्सल्टंटने लाल पेनने गोल करून परत पाठवले.

यावर उपाय आहे, आणि तो सापडला तेव्हा मला खरंच आनंद झाला. ब्लॉक एडिटरमध्ये रोटेशन पॅरामीटर लावायचा आणि रोटेट ॲक्शनमध्ये फक्त रेघा निवडायच्या, टॅगचा अ‍ॅट्रिब्यूट निवडायचा नाही. मग ग्रिप (ब्लॉकवरची पकडायची खूण) धरून फिरवलं की चित्र फिरतं, अक्षरं सरळच राहतात. मात्र ग्रिपनेच फिरवायचं. रोटेट कमांड दिलीत तर पुन्हा सगळंच फिरेल. एका ब्लॉकला पाच मिनिटंही लागत नाहीत. विकणाऱ्याने हे आधीच करून द्यायला हवं होतं.

इथून माझं मत बदलायला लागलं. ब्लॉक आतून उघडून पाहिले तर काम नेटकं होतं. सगळी भूमिती लेयर ०वर, त्यामुळे ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग घेतो. बेस पॉइंट बरोबर पाइपच्या मध्यरेषेवर. एककं मिलिमीटरमध्ये नीट लावलेली. फुकटच्या ब्लॉकांमध्ये इंच आणि मिलिमीटरचा घोळ होऊन व्हॉल्व्ह २५.४ पट मोठा येतो, तसं इथे एकदाही झालं नाही. चित्रकाराचा हात चांगला आहे, गोंधळ फक्त मांडणीचा आहे.

मग मांडणी मीच बदलली. आठ महिन्यांची ड्रॉइंग तपासली, तर ११००पैकी ६२च सिंबल वापरले होते. तेवढेच ठेवले. मानकांप्रमाणे केलेले फोल्डर काढून टाकले. आता ब्लॉकच्या नावातच उपकरण आणि सिग्नल आहे: डीपीएस_डीआय (स्विच, डिजिटल इनपुट), डीपीटी_एआय (ट्रान्समीटर, ॲनालॉग इनपुट), व्हॉल्व्ह२वे_एओ (व्हॉल्व्ह, ॲनालॉग आउटपुट). एक नाव दुसऱ्यांदा वापरायचंच नाही. आयएसएप्रमाणे पीडीटी लिहायला हवं हे मला माहीत आहे, पण आपल्याकडच्या साइटवर डीपीटीच म्हणतात, म्हणून तेच ठेवलं आणि पहिल्या शीटवर खुणांचा अर्थ सांगणारं लेजंड दिलं.

प्रत्येक ब्लॉकमध्ये पाच अ‍ॅट्रिब्यूट: टॅग, सिग्नल, रेंज, केबल, आवृत्ती. टॅग दिसतो, बाकीचे चार अदृश्य. ऑटोकॅडचं डेटा एक्स्ट्रॅक्शन अदृश्य अ‍ॅट्रिब्यूटही वाचतं, त्यामुळे आयओ समरी थेट ड्रॉइंगमधून एक्सेलमध्ये येते. आधी दीड दिवस जायचा, आता चहा होईपर्यंत होते. शिवाय चित्र आणि यादी एकाच ब्लॉकमधून येत असल्यामुळे फॅन-फिल्टरसारखा घोळ पुन्हा होऊ शकत नाही.

आवृत्तीचा अ‍ॅट्रिब्यूट मुद्दाम ठेवलाय. लायब्ररीत ब्लॉक सुधारला तरी जुन्या ड्रॉइंगमध्ये जुनाच राहतो. तिथे ब्लॉक रीडिफाइन करून (जुन्याच्या जागी नवा बसवून) ॲटसिंक ही कमांड चालवावी लागते. त्यात टॅगचं हाताने बदललेलं फॉरमॅटिंग पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा.

तर घ्यावी का? महिन्याला चार-पाच प्रोजेक्ट असतील आणि नावं बदलायला दोन रविवार काढता येत असतील, तर घ्या. एखाद-दुसऱ्या कामासाठी १८,००० घालू नका, ६० ब्लॉक स्वतः काढा.

माझा व्हीएव्ही बॉक्सचा (खोलीत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पेटीचा) ब्लॉक अजून राहिलाय. एकाच चित्रात डॅम्पर, फ्लो सेन्सर आणि थर्मोस्टॅट असे तीन टॅग आहेत आणि ग्रिपने फिरवलं की ते एकमेकांवर चढतात. तीन वेगळे ब्लॉक करून पाहतोय.