जांबोटीकडचा होमस्टे आणि तिथला पक्षी दाखवणारा पोरगा: पाचपैकी चार

मे संपता संपता आम्ही दोघं बेळगावकडच्या जांबोटीच्या पुढं कणकुंबी रोडला एका होमस्टेत दोन रात्री राहून आलो, पक्ष्यांचं पॅकेज, माणशी ३००० रुपये, जेवण आणि सकाळच्या दोन फेऱ्या धरून. वाईट आधी सांगून टाकतो. भाड्यानं दिलेल्या दुर्बिणीत बुरशी, उजव्या डोळ्यानं बघितलं की सगळे पक्षी धुक्यात. पहिल्या दिवशी चहाच साडेसहाला आला, तोवर निम्मं रान गप्प झालेलं. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मात्र फर्स्टक्लास.

पण हे लिहितोय ते तिथल्या पोरासाठी. पंचविशीचा असेल, भीमगड अभयारण्य २०११ ला झालं तेव्हा शाळेत होतो म्हणाला. सात जणांच्या ग्रुपमध्ये कॅमेरा माझाच मोठा, त्यामुळं सगळे मलाच विचारत होते आणि मी पण चढलेलो. वाळक्या फांदीवर एक पक्षी, पाठ राखी, छातीवर पट्टे, डोळा पिवळा, मी लगेच "शिक्रा!" मागच्यांनी वहीत लिहून पण घेतलं. पोरगा हळूच म्हणाला, "सर, चोच बघा की जरा." चोच सरळ होती, शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याचा बाकदार आकडा नाहीच, तरी मी म्हटलं कोवळा असेल, म्हणजे एकावर अजून एक ठोकून दिली, आणि तेवढ्यात त्या पक्ष्यानं तोंड उघडलं. पेरते व्हा! पेरते व्हा! वरवर चढत जाणारा तोच आवाज, लहानपणापासून ऐकलेला. पावशा. बायको एवढी हसली की तो उडूनच गेला.

आता पावशा शिक्र्यासारखा दिसतो म्हणूनच त्याचं भागतं, सातभाई बिचकतात आणि हा त्यांच्या घरट्यात अंडं घालतो. सातभाई दर वर्षी फसतात, त्यात आमची एकाची भर. हुबळीचे एक काका म्हणाले, "ननगू हंग आगित्री", म्हणजे मलाबी तसंच झालेलं, मग जरा जिवात जीव आला.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. पोरानं स्वतः नुसत्या आवाजावर आमच्या पक्ष्यांच्या यादीत सर्पगरुड लिहिलेला. दहा मिनिटांनी त्याच झाडातनं भृंगराज पक्षी निघाला, शेपटीची दोन लांब पिसं लोंबवत, आणि समोर बसून तीच शिट्टी हुबेहूब मारली. सगळ्यांच्या देखत पोरानं पेन काढलं, सर्पगरुडावर एकच रेघ ओढली, म्हणजे खालचं वाचता यावं अशी, आणि बाजूला लिहिलं "भृंगराजानं फसवलं". "माझं चुकलं, एक कमी करा." ४१ चे ४० झाले. गेल्या वर्षी दुसरीकडं एकानं कानावर पडेल ते लिहून आमची यादी ७२ वर नेलेली, मी मिरवलो पण होतो, आता त्यातल्या किती खऱ्या देव जाणे.

त्या रात्री फोनमधले जुने फोटो काढून बसलो. दोन वर्षांपूर्वी कणकुंबीला काढलेला "राखी धनेश", आणि चोचीवर शिंगच नाही. साध्या राखी धनेशाला ते टोकदार शिंग असतं, हा बिनशिंगाचा म्हणजे मलबारी राखी धनेश, फक्त सह्याद्रीतला. त्या फोटोला सगळ्यांनी "मस्त सर" लिहिलेलं, एकानं पण टोकलं नाही, किंवा टोकावं असं वाटू दिलं नसेल मीच. खानापूरला रेंज आल्यावर ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या साइटवर, जुनी यादी उघडून नाव बदललं, दोन मिनिटांचं काम.

एक स्टार कापला तो दुर्बिणीचा. स्वतःची न्या, बुकिंग करताना तोच पोरगा आहे का विचारा, पावसात जाणार असाल तर जळवांसाठी मोजे घ्या, आणि चहा पाचला पाहिजे हे आदल्या रात्रीच किचनमध्ये जाऊन सांगा.