हिरोइक अ‍ॅक्शन: माइट कुठे खर्चावा, कुठे राखावा

'मिडल-अर्थ स्ट्रॅटेजी बॅटल गेम' हा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या विश्वातला, छोट्या पुतळ्यांचा टेबलावरचा युद्धखेळ आमच्या जळगाव-भुसावळकडच्या टेबलांवर आता बरेच महिने नियमित खेळला जातोय. नियम 2018च्या आवृत्तीचे. इतक्या डावांनंतर एक गोष्ट ठामपणे सांगता येते: सैन्य कितीही मोठं आणा, डाव फिरतो तो हिरोंच्या (सैन्यातल्या खास नायकांच्या) माइटवर, म्हणजे त्यांच्याकडच्या मोजक्या खास गुणांवर.

माइटची कामं दोन. पडलेल्या फाशात 1 वाढवायचा, नाहीतर टप्पा सुरू होतानाच हिरोइक अ‍ॅक्शन जाहीर करायची (माइट खर्चून केलेली हिरोची खास कृती). चांगल्या हिरोकडे साधारण 2-3 माइट असतात, तेही अख्ख्या डावासाठी. शिवाय प्रायॉरिटीच्या, म्हणजे फेरीत आधी कोण हलणार ते ठरवणाऱ्या, फाशाला माइट लावता येत नाही. म्हणून प्रायॉरिटी हातून गेली की हिरोइक मूव्ह हाच उपाय उरतो.

इथलं गणित पाठच करून ठेवा. प्रायॉरिटीत दोघांचा फासा सारखा पडला, तर मागच्या फेरीत ज्याच्याकडे ती नव्हती त्याला मिळते. म्हणजे 36पैकी 21 वेळा, सुमारे 58 टक्के, प्रायॉरिटी हात बदलते. आज ती तुमच्याकडे असेल तर पुढच्या फेरीत नसेल असंच धरा आणि एक माइट त्यासाठी बाजूला ठेवा.

हिरोइक मूव्हमध्ये हिरो बाकीच्यांच्या आधी हलतो आणि 6 इंचांच्या आतले आपले मोहरेही त्याच्याबरोबर हलू शकतात. चाल संपतानाही त्यांना हिरोच्या 6 इंचांत राहावं लागतं. घोळ इथेच होतो. 10 इंच पळणारा घोडेस्वार हिरो पुढे निघून जातो आणि 6 इंच चालणारं पायदळ मागे लटकतं. आधी टेप लावून हिरो कुठे थांबणार ते ठरवा, मगच हलवा. दोन्ही बाजूंनी मूव्ह कॉल केली तर आधी कोण हे फाशावर ठरतं, आणि समोरचा आधी येऊन तुमच्या हिरोलाच भिडला, तर मूव्हही गेली, माइटही गेला. त्यामुळे हिरोला बिनधास्त पुढच्या रांगेत उभं करून 'मूव्ह कॉल करतो भो' म्हणणं महागात पडतं. त्याच्यापुढे दोन साधे शिपाई असू द्या.

आमच्या मते सगळ्यात ताकदीची अ‍ॅक्शन हिरोइक कॉम्बॅट, आणि सगळ्यात जास्त वाया जाणारीही तीच. ती लढत सर्वांत आधी सोडवतात. त्यातले सगळे शत्रू मेले तर हिरो आणि त्या लढतीतले त्याचे साथीदार पुन्हा चालून दुसऱ्या लढतीत शिरू शकतात. 'सगळे' हा शब्द इथे महत्त्वाचा. 3 अटॅकचा हिरो, म्हणजे लढतीत 3 फासे टाकणारा, जखमेसाठी फाशावर 5 किंवा जास्त लागतो, समोर एकच शिपाई: लढत जिंकल्यावर मारण्याची शक्यता सुमारे 70 टक्के. पडलेल्या 4वर आणखी एक माइट लावायची तयारी असेल तर 87. शत्रूला मागे सरायला जागाच ठेवली नाही तर घाव दुप्पट होतात आणि जादा माइट न घालताही शक्यता 91वर जाते. म्हणून कॉल करण्याआधी, मूव्हच्या टप्प्यातच, एक-दोन मोहरे शत्रूच्या पाठीमागे नेऊन बसवा. दोन शत्रूंना एकत्र भिडून कॉम्बॅट कॉल करू नये.

हिरोइक स्ट्राइकबद्दल गैरसमज बराच आहे. तो अटॅक वाढवत नाही. फाइटमध्ये, म्हणजे लढाऊ कौशल्याच्या आकड्यात, एका फाशावर पडेल तेवढी भर घालतो, कमाल 10पर्यंत. लढत जिंकतो तो सर्वांत मोठा फासा टाकणारा; फाइट कामाला येते ती दोघांचा सर्वांत मोठा फासा सारखा आला तरच. 3 विरुद्ध 3 फाशांत असं सुमारे 30 टक्के वेळा होतं. फाइट 5चा हिरो स्ट्राइक कॉल करून 7वाल्याच्या वर जायचा असेल तर 3 किंवा जास्त पडावा लागतो, म्हणजे तीनातून दोनदा. एका टप्प्यात एका हिरोला एकच हिरोइक अ‍ॅक्शन मिळते, त्यामुळे स्ट्राइक आणि कॉम्बॅट दोन्ही जमत नाही. बरोबरीच्या किंवा वरचढ हिरोसमोर स्ट्राइक, साध्या शिपायासमोर कॉम्बॅट.

मार्च उपयोगी, पण फक्त सुरुवातीच्या फेऱ्यांत: पायदळाला 3 इंच, घोडदळाला 5 इंच जास्त, चार्ज (शत्रूला जाऊन भिडणं) मात्र करता येत नाही. हिरोइक शूट, म्हणजे बाण आधी मारायची संधी, धनुर्धारी भरपूर असतील तरच.

हिशेबाचं म्हणाल तर, एप्रिल-मेमध्ये कूलरच्या झोतात कागदी टोकन टेबलावर टिकत नाहीत. माइटसाठी राजमा, विलसाठी (जादूचे गुण) हरभरा, फेटसाठी (जखम टाळायचे गुण) तूर, हे सगळं हिरोच्या कार्डाजवळ छोट्या वाटीत ठेवलं की डाव अडत नाही. खर्च झालेला दाणा तोंडाने सांगून समोरच्याच्या देखत उचला. शेवटच्या फेऱ्यांत वाद होतात ते यावरूनच.

तक्रार एकच. माइट कमी असलेली सैन्यं छोट्या डावात फार लवकर हतबल होतात. समोर दर फेरीला एक माइट फुकट मिळणारा अ‍ॅरागॉर्न असला तर विचारूच नका. नव्या जोडीने पहिल्या काही डावांत तरी दोन्ही बाजूंचा एकूण माइट जवळपास सारखा राहील अशी सैन्याची यादी बांधावी, आणि मूव्ह व कॉम्बॅट अंगवळणी पडल्यावरच बाकीच्या अ‍ॅक्शन टेबलावर आणाव्यात.