पार्सल वेळेत पोहोचले, पण कोणाच्या वेळेत? एका ग्राहक-संशोधन सेवेचा वर्षभराचा अनुभव

घरगुती उपकरणांचे सुटे भाग ऑनलाइन विकण्याच्या आमच्या व्यवसायात माल चांगला असूनही काही ग्राहक दुसऱ्यांदा फिरकत नाहीत, ही जुनी बोच होती. कारण मालात नसून तो पोहोचण्याच्या रीतीत असावे असा संशय होता, पण नुसत्या संशयावर कुरिअर बदलता येत नाही. म्हणून ग्राहकांचा प्रतिसाद आणि डिलिव्हरीची कामगिरी यांचा एकत्र अभ्यास करून देणाऱ्या एका संशोधन संस्थेची सेवा आम्ही वर्षभरासाठी घेतली. करारात दरमहा अद्ययावत होणारा डॅशबोर्ड, दर तिमाहीला लेखी अहवाल आणि वर्षातून दोनदा निवडक ग्राहकांच्या सविस्तर मुलाखती यांचा समावेश होता. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा एकट्या तिच्याच आहेत असे मला वाटत नाही.

आधी जे उत्तम झाले ते सांगतो. आमच्याकडे ऑर्डरची नोंद एका प्रणालीत, गोदामातून माल निघाल्याची दुसरीकडे, कुरिअरचे स्कॅन तिसरीकडे आणि तक्रारी ई-मेलच्या ढिगाऱ्यात अशी विखुरलेली माहिती होती. पहिल्या दीड महिन्यात संस्थेने हे सगळे ऑर्डर क्रमांकाच्या एका धाग्यात ओवले, त्यामुळे ग्राहकाने ऑर्डर कधी दिली, पॅकिंग कधी झाले, गाडीत माल कधी चढला, दारात कधी पोहोचला, त्यानंतर ग्राहकाने काय लिहिले आणि पुढे काही मागवले की नाही, हे एकाच ओळीत वाचता येऊ लागले. काम कंटाळवाणे आहे आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर ते कधी झळकत नाही, पण दिलेल्या शुल्काची खरी वसुली इथेच झाली. ज्या उशिराचे खापर आम्ही कुरिअरवर फोडत होतो, त्यातला बराचसा उशीर आमच्याच गोदामात होत होता: शुक्रवारी दुपारनंतर आलेल्या ऑर्डर सोमवारी सकाळपर्यंत कोणी हातात घेतच नव्हते. हे वाचताना मला लाज वाटली, हे कबूल करायला हवे.

पहिल्या तिमाही अहवालात मात्र वेळेत पोहोचलेल्या पार्सलांचे प्रमाण इतके चांगले दाखवले होते की आनंदाऐवजी शंकाच आली, कारण तक्रारी तर त्याच काळात वाढलेल्या होत्या. मी मूळ नोंदी मागवल्या आणि त्यांतली एक ओळ नीट वाचली. धुलाई यंत्राच्या पंपाची ती ऑर्डर होती. ग्राहकाला मंगळवार सांगितला होता, मंगळवारी रात्री प्रणालीने ती तारीख आपोआप गुरुवारवर ढकलली, गुरुवारी दुपारी पंप पोहोचला, आणि अहवालाच्या रकान्यात त्यापुढे ‘वेळेत’ असे लिहिले होते. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की संस्थेची मोजणी सर्वांत शेवटी कळवलेल्या तारखेवरून होते. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. वाहतूकदाराच्या नजरेने पाहिले तर या व्याख्येत तर्क आहे. पण ज्याने मंगळवारी रजा घेऊन यंत्र उघडून ठेवले होते त्याच्या लेखी पंप दोन दिवस उशिरा आला. हीच गत ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा पडलेल्या पार्सलांची होती. त्या शेऱ्यापाशी घड्याळ थांबत असे आणि पुढचे दिवस कोणाच्याच खात्यावर पडत नसत.

आम्ही व्याख्या बदलून घेतली. संस्थेने ती खळखळ न करता बदलली आणि मागचे आकडेही नव्याने काढून दिले, ही तिच्या बाजूची गोष्ट. आकडा घसरला, पण तक्रारींचा आलेख आणि उशिराचा आलेख प्रथमच एकमेकांशी जुळू लागले. त्याच बैठकीत ‘वेळेत आणि पूर्ण’ हा एकत्रित निकष लावून पाहिला. ९५ टक्के ऑर्डर वेळेत आणि ९५ टक्के पूर्ण असतील, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल, तर दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या ऑर्डर सुमारे ९० टक्केच उरतात. त्यात न तुटता पोहोचणे आणि बिल अचूक असणे हे आणखी दोन निकष मिळवले आणि चारही निकषांवर प्रत्येकी ९७ टक्के कामगिरी धरली, तरी सर्व बाजूंनी निर्दोष ऑर्डरचे प्रमाण साधारण ८८.५ टक्क्यांवर येते. प्रत्येक विभाग आपापल्या ९७ टक्क्यांवर समाधानी असतो आणि ग्राहकाच्या वाट्याला मात्र त्यांचा गुणाकार येतो, हे आमच्या गोदाम व्यवस्थापकांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका गणिताने लवकर पटले.

सेवेचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे तिचा ‘ग्राहक-सहभाग निर्देशांक’. संकेतस्थळाला दिलेल्या भेटी, उघडलेले ई-मेल, विचारलेले प्रश्न आणि ट्रॅकिंगचे पान किती वेळा पाहिले, या सगळ्यांची बेरीज करून प्रत्येक ग्राहकाला १०० पैकी गुण दिले जात. दुसऱ्या तिमाहीच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकावर असलेल्या एका ग्राहकाची नोंद मी उघडली, तेव्हा त्यांनी दोन दिवसांत ट्रॅकिंगचे पान १९ वेळा पाहिलेले, तीन ई-मेल पाठवलेले आणि त्यानंतर आमच्याकडून पुन्हा काहीही न घेतलेले आढळले. जीव टांगणीला लागलेल्या माणसाची घालमेल आम्ही ‘उच्च सहभाग’ या रकान्यात घालून तिच्याकडे कौतुकाने पाहत होतो. ग्राहकाचे जोडलेपण मोजायचे तर तो आपणहून काय करतो ते पाहावे लागते: दुसऱ्याला शिफारस करणे, सुधारणा सुचवणे, भाग कसा बसवला याचे छायाचित्र पाठवणे. काळजीपोटी करावे लागलेले क्लिक त्यातून वगळायला हवेत. संस्थेने तसे केले, पण आम्ही सांगितल्यावर. निर्देशांक विकणाऱ्याला हे आधी सुचायला हवे होते.

सर्वेक्षणाबद्दल थोडक्यात. ‘आमची शिफारस कितपत कराल’ हा ० ते १० गुणांचा प्रश्न व्यवस्थापन सल्लागार फ्रेडरिक राइशहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडला. ९-१० गुण देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ०-६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करण्याची ती सोपी रीत आहे. रीतीपेक्षा तो प्रश्न कोणाला विचारला जातो ही आमची अडचण ठरली, कारण तो ‘डिलिव्हरी झाली’ असा स्कॅन पडल्यावर तासाभरात जात असे. ज्यांचे पार्सल हरवले किंवा वाटेतूनच परत आले त्यांना तो कधीच गेला नाही, आणि ज्यांना गेला त्यांनी अजून तो भाग बसवूनही पाहिलेला नव्हता.

तिसऱ्या अहवालातला एक निष्कर्ष मात्र धोकादायक होता. उशिराचा पुनर्खरेदीवर परिणाम दिसत नाही, असे तेथे ठळक अक्षरांत लिहिले होते, आणि ते खरे मानले असते तर स्वस्तातला कुरिअर पुढे चालू ठेवायला आम्हाला सबळ कारण मिळाले असते. पण दूरच्या भागातल्या ग्राहकांकडे पार्सल उशिराच पोहोचते, आणि जवळपास दुसरे दुकान नसल्यामुळे तेच ग्राहक पुन्हा पुन्हा आमच्याकडे येतात. जवळचे आणि दूरचे ग्राहक वेगळे काढून पाहिले तेव्हा दोन्ही गटांत उशीर झालेल्यांची पुनर्खरेदी कमी निघाली. एकत्र बेरजेत तो परिणाम झाकला गेला होता. संख्याशास्त्रात हा सापळा सिम्पसनचा विरोधाभास म्हणून ओळखीचा आहे, त्यामुळे संशोधन हाच व्यवसाय असलेल्यांनी त्यात पडणे मला खटकले. चूक दाखवल्यावर त्यांनी सुधारित अहवाल दिला, पण आमच्याकडे मूळ नोंदी वाचणारे कोणी नसते तर तो सुधारला गेला नसता.

मुलाखतींनी ही सगळी नाराजी बरीचशी भरून काढली. मेंट्झर, फ्लिंट आणि हल्ट या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेल्या लॉजिस्टिक्स-सेवा (म्हणजे माल साठवून ग्राहकापर्यंत पोहोचवण्याची सेवा) गुणवत्तेच्या चौकटीत वेळेबरोबरच मिळणाऱ्या माहितीचा दर्जा, मालाची स्थिती, ऑर्डरची अचूकता आणि चूक निस्तरण्याची पद्धत असे एकूण नऊ पैलू आहेत, आणि संस्थेच्या मुलाखतकार बाईंनी प्रश्न त्याच अंगाने गुंफले होते. त्या ग्राहकाला मध्ये तोडत नव्हत्या. उशिराची तक्रार केलेल्या एका गृहस्थांनी त्यांना सांगितले की पंप दोन दिवस उशिरा येईल हे सोमवारीच कळले असते तर त्यांनी रजा पुढे ढकलली असती. राग उशिराचा नव्हता, रात्री उशिरा आलेल्या त्या गुळगुळीत संदेशाचा होता. डॅशबोर्डच्या एकाही आलेखातून हे कळण्याजोगे नव्हते. त्यानंतर उशिराची शक्यता दिसताच आदल्या दिवशी कळवण्याची पद्धत आम्ही सुरू केली, आणि ‘माझे पार्सल कुठे आहे’ असे विचारणारे ई-मेल कमी झाले.

अहवालांची भाषा जड आहे आणि पाने भरण्याचा मोह संस्थेला आवरत नाही. एका अहवालाची सुरुवातीची कित्येक पाने जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स कामगिरी निर्देशांकावर खर्ची पडली होती. २००७ पासून प्रसिद्ध होणारा आणि २०२३ च्या आवृत्तीत १३९ देशांना १ ते ५ या मापावर तोलणारा तो निर्देशांक सीमाशुल्क, पायाभूत सुविधा वगैरे सहा अंगांनी देशांची तुलना करतो. आमच्या गोदामातला शुक्रवार त्यात कसा दिसणार? विश्लेषक मात्र फोनवर सहज उपलब्ध असतात आणि उलट प्रश्न विचारले तर वैतागत नाहीत.

ज्यांच्या नोंदी विखुरलेल्या आहेत आणि ज्यांच्याकडे अहवालाशी वाद घालू शकेल असा निदान एक माणूस आहे, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. केवळ वरिष्ठांना दाखवायला एक आकडा हवा असेल तर तो यापेक्षा कमी खर्चात मिळतो. आम्ही करार आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. ग्राहक-सहभाग निर्देशांक वगळला, मुलाखती दोनाच्या चार केल्या, हरवलेल्या आणि परत आलेल्या पार्सलांच्या ग्राहकांनाही प्रश्नावली पाठवण्याचे कलम घातले, आणि करारपत्राच्या परिशिष्टात पहिली ओळ अशी लिहून घेतली की ‘ठरलेली तारीख’ म्हणजे ऑर्डर देताना ग्राहकाला पडद्यावर दिसलेली पहिली तारीख.