इम्पोर्टेड इंकच्या बाटल्यांत पेनची शाई, आणि माझे ८,७५९ रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. ८,७५९ रुपये. त्यातले ७,२६० हौसेपायी गेले आणि उरलेले १,४९९ निव्वळ मूर्खपणापायी. घरी अजून ७,२६०चाच आकडा माहीत आहे.

मी इंदुरात सुदामानगरला राहतो, नोकरी हिशेबाची, आणि गेली अकरा वर्षं प्लास्टिकची मॉडेलं करतो. अधूनमधून कुणी ऑर्डरही देतं. या वेळची ऑर्डर महूच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांची होती. त्यांनी चालवलेला टी-५५ रणगाडा, आणि तोही नंतर १०५ मिलीमीटरची तोफ बसवलेला, म्हणजे किटमधली नळी बाजूला ठेवून वेगळी धातूची नळी लावायची. त्यांनी ६,००० रुपये आगाऊ दिले होते.

रणगाड्याला जीव येतो तो वॉशने. रिव्हेटभोवती, झाकणांच्या फटीत पातळ काळा-तपकिरी रंग आपोआप धावला पाहिजे. पुष्कळ जण त्यासाठी इनॅमल, म्हणजे थिनरने पातळ करायचा रंग, वापरतात. पण बंद खोलीत त्या थिनरचा वास बायकोच्या दम्याला चालत नाही, शिवाय उघड्या प्लास्टिकच्या जोडात थिनर मुरला तर ते तडकतं. म्हणून मी अ‍ॅक्रिलिक इंकवाला. पाण्यात पातळ करा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, आधी चकचकीत वार्निश मारून ठेवा, काम झालं. वाळली की पाण्याने हलत नाही, हाच तिचा गुण. वालेहो या स्पॅनिश कंपनीची (काही जण वायेहो म्हणतात, तर तसं) बाटली मला ३५०च्या आसपास पडते.

आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जण तीच बाटली १९५ला देत होता. ‘इम्पोर्टर का लॉट है भिया, डब्बे दब गए थे, माल चकाचक.’ मी काही दूधखुळा नाही. आधी दोनच बाटल्या मागवल्या, ४२० रुपयांत, कुरियरसकट. अस्सल निघाल्या! आता सांगा, याहून जास्त खात्री कुणी काय करायची? पुढे ३६ बाटल्या घेतल्या, ७,०२० आणि कुरियर २४०. क्यूआर स्कॅन केल्यावर भलत्याच बाईंचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, ‘भाभी का अकाउंट है.’ भाभीचं म्हटल्यावर माणूस पुढे काय विचारणार?

खोकं आलं. काळी, सेपिया, तपकिरी, सगळ्या बाटल्या अगदी तशाच, तोच ड्रॉपर, तेच लेबल. एक गोष्ट मात्र वेगळी होती आणि ती मी पाहिली, नीट पाहिली. तळाशी गाळ नव्हता. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगाच्या पुडीची, इंक आठवडाभर उभी राहिली की रंग खाली बसतो, हलवून हात दुखतो. या बाटल्या वरपासून खालपर्यंत एकसारख्या. आणि मी काय म्हणालो? ‘वा, किती ताजा माल!’ अकरा वर्षांच्या अनुभवाने हे वाक्य उच्चारलं.

पुढचं तर त्याहून वाईट. ड्रॉपरचं तोंड ओल्या टिश्यूने पुसलं आणि तो कागद टेबलावर राहिला. लेक नववीत आहे, ती पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि थांबली. काळ्या डागाभोवती निळं कडं, त्याच्याबाहेर जांभळं, काठाला गुलाबीसर. ‘बाबा, ही पेनची शाई आहे. माझ्या कंपासमध्ये पेन गळतं तेव्हा अस्संच होतं.’ मी तिला म्हणालो, इम्पोर्टेड इंक अशीच असते, तू अभ्यास कर. तो टिश्यू मी स्वतः उचलून कचऱ्यात टाकला. पिगमेंटचा डाग काळा तो काळाच राहतो, त्याचे रंग सुटे होत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ७,२६० रुपये गेलेले असतात तेव्हा माणसाला माहीत असलेलंही माहीत नसतं.

वॉश छान बसला. दोन दिवस वाळवला. मग एअरब्रशने पाण्यावर चालणारं मॅट वार्निश मारलं, आणि पाच मिनिटांत प्रत्येक फटीतून जांभळा रंग वर चढला. हिरवा रणगाडा वांग्यासारखा झाला. पुसायला गेलो तर आणखी पसरला. दुसऱ्या दिवशी खजुरी बाजारातून ३० रुपयांची काळ्या शाईची दौत आणली आणि टिश्यूवर शेजारी शेजारी थेंब टाकले. तीच कडी, त्याच क्रमाने. किट ३,८५०, पितळी तुकडे १,१००, तोफेची नळी ९५०, सगळं त्या जांभळ्यात. सुभेदार साहेबांचे ६,००० परत केले. ते बिचारे काही बोलले नाहीत, त्यानेच जास्त लागलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तो गोड बोलला. ‘गलत लॉट चला गया, पूरा रिफंड दूँगा, बस पिकअप का १,४९९ डिपॉझिट, साथ में वापस.’ आणि मी भरले. कारण त्याने तक्रार नाकारली नव्हती ना! रिफंडसाठी आधी पैसे मागणारा माणूस रिफंड देत नसतो, हे मी ऑफिसात दहा जणांना सांगितलेलं आहे.

नऊ दिवस वाट पाहून मग १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. तो घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, ‘खिलौने का रंग?’ मग शेजारच्याला हाक मारून पुन्हा तेच सांगितलं, दोघं हसले. ‘माल तो मिला ना आपको? फिर फ्रॉड कैसा? कंज्यूमर में जाओ.’ मी म्हटलं, बाटलीत दुसराच माल आहे, आणि १,४९९ तर मालाचे नव्हतेच. त्यावर सायबरवाल्यांकडे जा. तिथे म्हणाले, पहिल्या तासात यायचं होतं, आता खातं रिकामं झालं असेल. असेल! पाहिलंही नाही. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलात’. पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडलं तर तिथे हिरवी बरोबरची खूण आणि ‘व्यवहार यशस्वी’. यशस्वी झालाच की, त्याचा! चार ठिकाणी मिळून साडेतीन दिवसांची रजा गेली, आणि प्रत्येक खिडकीवर मला पहिल्यापासून सांगावं लागलं की मी ४८ वर्षांचा आहे आणि रणगाडे रंगवतो.

ग्राहक आयोगाचा रस्ता खरा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रार आपल्या गावातच करता येते. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्या कुरियरच्या पावतीवर पाठवणाऱ्याच्या जागी एक मोबाइल नंबर आणि ‘बस स्टँड के पास’ एवढंच आहे. तेव्हा पैसे देण्याआधी पत्ता आणि बिल मागा, कुरकुर केली की सोडा. खोकं उघडताना व्हिडिओ घ्या. नमुन्याच्या बाटलीवर भरवसा नको, मोठ्या लॉटमधली कुठलीही एक उघडा, थेंब स्टीलच्या चमच्यावर रात्रभर वाळू द्या, सकाळी ओलं बोट फिरवा. बोट काळं झालं की बाटली मॉडेलजवळही नेऊ नका. आणि घरात नववीतली मुलगी असेल तर तिला गप्प करू नका.

मागच्या रविवारी ग्रुपवर नवा नंबर, नवं नाव, ‘इम्पोर्टर का लॉट’, बाटली १८५ला. फोटोत बाटल्यांखाली आधीच्या फोटोतलंच निळ्या चौकड्यांचं मेणकापड, कोपऱ्यात इस्त्रीचा तोच तपकिरी डाग. मी तिथल्या तिथे लिहिलं. अ‍ॅडमिनने माझाच मेसेज काढला, म्हणाला, ‘भिया, बिना सबूत के किसी का धंधा मत बिगाड़ो.’ सबूत माझ्या कपाटात उभा आहे, जांभळा.